सत्तेचाळीसच्या डावीकडे

सांगलीच्या पोरीला हळद ओळखायला डोळे लागत नाहीत, नुसता वास पुरतो. पण त्या गुरुवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी वल्लरी खोतने हळद ओळखली ती कॉम्प्युटरच्या पडद्यावर, एका रेषेवरून. खुर्चीचे हात घट्ट धरून ती नुसती बघत राहिली.

रेषा साधीच होती: अतिनील दिव्याखाली वस्तू कुठल्या रंगात किती चमकते त्याचा आलेख. डावीकडून सपाट यायची, पाचशे नॅनोमीटरच्या पुढे एकदम डोंगर चढायची, पाचशे तीसच्या आसपास माथा गाठायची आणि मग उजवीकडे सावकाश उतरायची. एमएस्सीला कोल्हापुरात असताना वल्लरीने वर्षभर हीच रेषा काढली होती. सांगलीच्या मार्केट यार्डातून हळदीचे नमुने आणायचे, अतिनील दिव्याखाली धरायचे आणि कोणी त्यात काय कालवलंय ते शोधायचं, हा तिचा प्रोजेक्ट. भेसळीची, बिनभेसळीची, जुनी, नवी, सगळ्यांच्या रेषा तिला तोंडपाठ होत्या. आता प्रश्न एवढाच होता, की फ्रान्सच्या आल्सास प्रांतातल्या एका खेड्यात १८४८ साली लिहिलेल्या कागदावर हळद आली कुठून?

प्रश्न कसला डोंबलाचा! उत्तर तिला त्याच क्षणी कळलं होतं. फक्त ते मनात मोठ्याने म्हणायची हिंमत होत नव्हती.

वल्लरी जर्मनीत, येना गावातल्या एका संशोधन संस्थेत कॅमेऱ्यावर काम करायची. कॅमेरा म्हणजे वाढदिवसाचे फोटो काढायचा नव्हे. जुना कागद टेबलावर ठेवायचा, त्यावर वेगवेगळ्या रंगांचा उजेड पाडायचा आणि माणसाच्या डोळ्याला न दिसणारं वाचायचं: पुसलेली शाई, खरवडलेली अक्षरं, मागाहून कोणी घातलेली भर. डॉक्टरेट झाल्यावर तीन वर्षं ती हेच करत होती. आणि हा कागद तिच्या टेबलावर आणून ठेवला होता हेर, म्हणजे श्रीयुत, वेन्डलिंग नावाच्या एका म्हाताऱ्याने. वय एक्याऐंशी, चाळीस वर्षं याच गावात भिंगं घासण्यात गेलेली, हात अजूनही कसे स्थिर.

कागदाची गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. १८४८ च्या डिसेंबरात फ्रान्सने पहिल्यांदा आपला राष्ट्राध्यक्ष थेट मतांनी निवडला. बायकांना मत नव्हतं, पण पुरुषांत शेतकरी, मजूर, मोची, सगळ्यांना होतं. लोक साध्या कागदाच्या चिठ्ठीवर नाव लिहून घरूनच आणायचे आणि ती पेटीत टाकायचे. उभे राहिले बरेच, पण खरी झुंज दोघांची: नेपोलियनचा पुतण्या लुई नेपोलियन बोनापार्ट आणि जनरल काव्हेन्याक. पुतण्याने चारातली जवळजवळ तीन मतं घेतली आणि निवडून आला. हा झाला सगळ्यांचा इतिहास. हेर वेन्डलिंगकडे होता तो एका खेड्याचा: मतमोजणीचा तक्ता, त्यात बोनापार्ट ३१२, काव्हेन्याक ४७. खालचा बेरजेचा कोपरा उंदरांनी खाल्लेला. तक्ता लिहिणारा होता गावचा शाळामास्तर जोसेफ वेन्डलिंग, म्हणजे या म्हाताऱ्याचा खापरपणजोबा.

गावाने मास्तरवर आळ घेतला. म्हणे काव्हेन्याकची मतं १४७ होती आणि नव्या धन्याची मर्जी राखायला मास्तरने पुढचा एक पुसून टाकला. पुरावा? पुरावा कोण मागतंय! मास्तरची शाळा गेली, दारावर शेण आलं, आणि एके दिवशी तो बायकापोरं घेऊन ऱ्हाईन नदी ओलांडून निघाला तो हळूहळू सरकत इकडे थुरिंगियात, येनाच्या मुलखात, येऊन पोचला. घरातलं फारसं काही आणता आलं नाही, पण तक्त्याची आपली प्रत त्याने आणली. सरकारी प्रत पुढे कुठल्याशा युद्धात जळाली. आता त्याच खेड्यात त्या निवडणुकीवर एक प्रदर्शन भरणार होतं, तिथे हा तक्ता लावणार होते. खाली मास्तरचं नाव आणि नावापुढे काय लिहायचं ते येनाहून कळणार होतं. सत्तेचाळीसच्या डावीकडे काही पुसलंय की नाही, एवढंच बघायचं होतं.

वल्लरीने सहा ऑक्टोबरला, सोमवारी, कागद कॅमेऱ्याखाली घातला. या आठवड्यात मंगळवारी पहिली चित्रं तयार झाली आणि तिच्या गटाच्या प्रमुख, फ्राऊ डॉक्टर लोरेन्त्स, टाळीच वाजवून उठल्या. अतिनील उजेडात सत्तेचाळीसच्या बरोबर डावीकडे एक डाग चमकत होता, पिवळट हिरवा, नखाएवढा. "रसायन लावून पुसलंय," त्या म्हणाल्या. "गेनाऊ, बरोब्बर! अगदी शंभराच्या जागी."

लोरेन्त्सबाई माणूस वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून ठेवते. पण गटाचे पैसे एका स्टिफ्टुंगकडून, म्हणजे न्यासाकडून यायचे, आणि न्यासाला सहा महिने दाखवण्यासारखं काही हाती लागलं नव्हतं. वल्लरीचा फेरट्राग, नोकरीचा करार, एकतीस डिसेंबरला संपत होता. तो दोन वर्षं वाढवायचा की नाही हे ठरायचं होतं याच गुरुवारी दुपारी तीन वाजता, न्यासाच्या ऑनलाइन बैठकीत. "हा एक कागद तुम्हाला दोन वर्षं देणार आहे, फ्राऊ खोत," लोरेन्त्सबाई मंगळवारी म्हणाल्या होत्या. दोन वाजता हेर वेन्डलिंगला निकाल सांगायचा आणि तीन वाजता न्यासाला, असा बेत ठरला. गुरुवारी सकाळी बाईंनी फक्त एक किरकोळ काम सांगितलं: "आल्झो, तर मग, त्या डागाचा तेवढा आलेख काढा. अहवालात छान दिसेल."

तो आलेख आता पडद्यावर होता. छानच दिसत होता.

खंडेनवमीला वल्लरीच्या वडिलांचा, अप्पांचा, फोन आला होता. अप्पांचे कुपवाडच्या एमआयडीसीत दोन लेथ. खंडेनवमीला दोन्ही मशीन धुऊन-पुसून, हार घालून, हळदकुंकू लावून दिवसभर बंद. ग्राहक दारात येऊन बसला तरी अप्पा स्विचला हात लावत नसत. "काय गं वल्लू, मशीनची पूजा केलीस काय?" त्यांनी विचारलं.

"अप्पा, इथे तसलं काही चालत नाही. स्वच्छ लॅब असते."

"तुला भाकरी देतंय ते, आणि तू त्याला साधं बोट लावणार नाहीस? डिसेंबरात करार संपतोय म्हणतेस वर. लाव जा गुमान."

आणि तिने लावलं. वरच्या मजल्यावर डॉक्टरेट करणारा मल्हार, हा पुण्याचा, आईने पाठवलेली कुंकवाची डबी घेऊन खाली आला. हळद वल्लरीच्या टेबलाच्या खणात होती, घसा धरला की दुधात घ्यायची घरची पुडी. जेवणाच्या सुट्टीत, लॅब रिकामी असताना, तिने कॅमेऱ्याच्या टेबलाची उंची फिरवायची जी काळी गोल मूठ होती तिला हळदीचं बोट लावलं, कुंकवाचं बोट लावलं, हात जोडले. दोघांनी बर्फीचा एकेक तुकडा खाल्ला. मग तिने टिश्यूने मूठ पुसली, एकदा नाही, दोनदा. काही दिसत नव्हतं. शपथेवर सांगते, काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

सोमवारी तिने हातमोजे घातले, मूठ फिरवून टेबल खाली घेतलं, आणि त्याच हातमोज्यांनी तो कागद चिमटीत धरून ठेवला. डावीकडून तो जरा उचलून येत होता म्हणून अंगठ्याने हलकेच दाबला. कुठे दाबला ते आता पडद्यावर चमकत होतं.

तरी माणसाचं मन वेडं असतं. दुसरं काही निघेल म्हणून वल्लरीने खणातली पुडी काढली, चिमूटभर हळद काचेच्या पट्टीवर घासली आणि तिची रेषा काढली. दोन्ही रेषा एकावर एक ठेवल्या. केसाएवढाही फरक नव्हता. मग तिने कागदाच्या पाठीमागचं चित्र उघडलं, जे आजवर कोणी उघडलंच नव्हतं. तिथेही बरोबर त्याच जागी एक फिकट डाग होता. पुढे अंगठा, मागे तर्जनी.

आता एकच आशा उरली होती, आणि आशा कसली, भीतीच ती. हळदीखाली खरंच काही पुसलेलं असेल तर? तसं असेल तर बोलायची गरजच नव्हती. निकाल बरोबर, कारण तेवढं चुकीचं. वल्लरीने हळदीची रेषा चित्रातून वजा करून टाकली. बाजूने तिरपा उजेड पाडलेलं चित्र मोठं केलं, इतकं मोठं की कागदाचे तंतू गवतासारखे दिसायला लागले. सगळे तंतू आडवे, शांत, जसेच्या तसे. खरवडलेला एक नाही. शाईचा मागमूस नाही. सत्तेचाळीसच्या डावीकडे जोसेफ वेन्डलिंगने कधी काही लिहिलंच नव्हतं.

एक वाजला होता. तिने मल्हारला खाली बोलावलं.

मल्हारने दोन्ही रेषा बघितल्या. "आयला," तो म्हणाला. मग दार लावून आला. "कोणाला सांगितलंस?"

"तुलाच."

"मग मलाच राहू दे. वल्लरी, ऐक. इथे हळदीची रेषा ओळखणारं तुझ्याशिवाय कोण आहे? कोणी नाही. आणि हळद उजेडात उडते, हे मी तुला सांगायला पाहिजे? प्रदर्शनात दिव्याखाली कागद लावतील, दोन-चार महिन्यांत डाग गायब. विषय संपला."

"आणि तो म्हातारा?"

"त्याचं काय? पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या एका मास्तरने आकडा पुसला काय आणि नाही पुसला काय, कोणाचं घोडं अडलंय? तुझं इथे सगळं अडलंय. करार गेला की पुढचं आउफएंटहाल्ट गेलं, इथे राहायचा कागद गेला. तीन महिन्यांत दुसरी नोकरी शोधणार आहेस तू, या डागावर?"

तो बोलत होता त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. तिने वेगळा विचार आजवर केला होता असंही नाही. गेले दोन महिने ती रात्री अंथरुणात पडून हेच गिरवत होती: करार वाढला तर अप्पांना उन्हाळ्यात इकडे आणायचं, त्यांना हा कॅमेरा दाखवायचा. अप्पांनी तर अख्ख्या एमआयडीसीत सांगून टाकलं होतं की पोरगी अशा मशीनवर आहे जे दोनशे वर्षांपूर्वीचं खोटं पकडतं.

"आणि हे बघ," मल्हार दाराशी थांबून म्हणाला. त्याने खाली बघितलं. "सांगायचंच ठरवलंस तर... माझं नाव नको घेऊस. माझा प्रबंध मार्चमध्ये आहे."

"नाही घेणार. जा तू."

पावणेदोनला ती अहवालाचे कागद घेऊन लोरेन्त्सबाईंच्या खोलीकडे निघाली. मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं, जर्मनमध्ये, क्रियापद शेवटी आणून. पण बाई एका हाताने फोन धरून बोलत होत्या आणि दुसऱ्या हाताने केस नीट करत होत्या. वल्लरीला बघून त्यांनी फोनवर हात ठेवला. "आलेख झाला? सुंदर. इथे तुमची सही, इथे माझी. वार्ताहर साडेतीनला येतोय, कल्पना आहे का तुम्हाला? फ्राऊ खोत, तुमचा रंग का उडालाय? बैठकीत मीच बोलणार आहे, तुम्ही घाबरू नका."

"मला एक सांगायचं होतं..."

"जा, जा, वेन्डलिंगसाहेब गेले की."

आणि वल्लरी माघारी फिरली. सही मात्र केली नाही. आपल्याकडे लेखणी नाही असं सांगून निघून आली, आणि खरं सांगायचं तर लेखणी तिच्या खिशातच होती.

हेर वेन्डलिंग दोनला पाच मिनिटं कमी असतानाच आले. कोट, टाय, डोक्यावर सपाट टोपी, आणि बगलेत कापडात बांधलेली एक लांबट पेटी, कागद परत न्यायला. ते लॅबमधल्या खुर्चीवर पाठ ताठ ठेवून बसले. कॅमेऱ्याकडे बघून त्यांनी मान हलवली. "यातलं एखादं भिंग आमच्या कारखान्याचं असेल," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात जरा अभिमान होता.

लोरेन्त्सबाईंनी पडद्यावर चित्र उघडलं. सावकाश, हळुवार आवाजात, डॉक्टर वाईट बातमी देतात तसं त्यांनी सगळं समजावून सांगितलं. हा उजेड, हा कागद, हे ४७, आणि त्याच्या डावीकडे हे. "इथे काहीतरी लावून काहीतरी पुसलेलं असावं, असं आम्हाला दिसतंय. मला खेद वाटतो, हेर वेन्डलिंग."

म्हातारा बराच वेळ पडद्याकडे बघत होता. वल्लरी त्यांच्या मागे उभी होती. बोल, ती स्वतःला म्हणत होती, बोल बये, आता बोल.

"दर दहा डिसेंबरला," हेर वेन्डलिंग म्हणाले, "आई हा कागद काढायची. टेबल पुसून, हात धुऊन, पांढरा रुमाल अंथरून त्यावर ठेवायची. आम्हा भावंडांना आकडे वाचायला लावायची. तीनशे बारा, सत्तेचाळीस. मग म्हणायची, आपल्या माणसाने एक आकडा बदललेला नाही. आणि मग जेवण. तिच्या सासूने तेच केलं होतं, आणि त्या सासूच्या सासूने." त्यांनी चष्मा काढला, घडी घातली, वरच्या खिशात ठेवला. "बरं झालं, आई हे ऐकायला नाही."

लोरेन्त्सबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ते उठले. पेटी उघडली. आणि मग मागे वळून त्यांनी वल्लरीकडे बघितलं.

"कागद तुम्ही हाताळलात, नाही का? मी पण आयुष्यभर हातानेच काम केलंय. पडदा काय म्हणतो ते मी ऐकलं. तुम्ही काय म्हणता? पुसलंय?"

आता यापुढे काही पळवाट नव्हती. सरळ प्रश्न विचारला की माणसाला सरळ खोटं बोलावं लागतं, आणि तेवढी तयारी तिची नव्हती.

"नाही," वल्लरी म्हणाली.

"काय?" लोरेन्त्सबाई म्हणाल्या.

जुळवून ठेवलेलं जर्मन वाक्य केव्हाच उडून गेलं होतं. तिने खिडकीचे पडदे खाली ओढले, दिवा घालवला आणि हातातली अतिनील बॅटरी लावली. जांभळट उजेडात आधी तिने ती काळी मूठ धरली. मुठीच्या खाचांत, जिथे टिश्यू पोचला नव्हता, बारीक बारीक रेघा पेटल्या, पिवळट हिरव्या. मग तिने आपला उजवा हात उजेडात धरला. दोनेक तासांपूर्वी पुडीतून चिमूट घेतलेला अंगठा तसाच चमकत होता. तो अंगठा तिने पडद्यावर सत्तेचाळीसच्या डावीकडे नेऊन टेकवला. तोच रंग, तोच बाक, तोच आकार.

"ही हळद आहे," ती म्हणाली. "मसाल्याची. आमच्याकडे वर्षातून एक दिवस हत्यारांची पूजा करतात, मशीनला हळद लावतात. मी लावली. पुसली, पण राहिली. हातमोज्याला लागली आणि तिथून कागदाला. हा डाग १८४८ चा नाही, या सहा तारखेचा आहे. माझा आहे. मला आज दुपारी कळलं."

मग लोरेन्त्सबाईंनी दिवा लावला. त्यांचे गाल लाल झाले होते.

"माझ्या लॅबमध्ये," त्या एकेक शब्द तोडत म्हणाल्या, "मूळ दस्तऐवज असतात त्या टेबलावर, तुम्ही मसाला लावलात."

"हो."

"एकट्याच होतात?"

"एकटीच," वल्लरी म्हणाली. त्या दुपारचं हे तिचं दुसरं आणि शेवटचं खोटं.

"तेव्हापासून किती कागद गेले या टेबलावरून?"

"नऊ."

"नऊ!" बाईंनी कपाळाला हात लावला. "आणि मी न्यासाला मंगळवारीच लिहून बसले." त्यांनी घड्याळ बघितलं. तीनला बारा मिनिटं होती. मग त्यांनी टेबलावरचा अहवाल उचलला, आडवा फाडला आणि फाटलेले तुकडे हातात घेऊनच बाहेर गेल्या. दार मात्र आपटलं नाही, हळूच लावलं, आणि त्याचीच वल्लरीला जास्त भीती वाटली.

हेर वेन्डलिंग पुन्हा खुर्चीवर बसले होते. चष्मा परत नाकावर आला होता. "मला एक कळलं नाही," ते म्हणाले. "हळद काढली, तर खाली काय आहे?"

"काही नाही. कोरा कागद."

"म्हणजे पुसून कोरा?"

"नाही हो. मुळातच कोरा. बघा." तिने तिरप्या उजेडाचं चित्र उघडलं आणि त्यांना एकेक तंतू दाखवला. भिंगं घासणारा माणूस तो, त्याला खरवडलेला पृष्ठभाग आणि न खरवडलेला पृष्ठभाग यातला फरक कोणी शिकवायची गरज नव्हती. ते पडद्याच्या इतके जवळ गेले की श्वासाने काच धुरकटली. बघता बघता त्यांचे ते स्थिर हात थरथरायला लागले, आणि त्यांनी ते गुडघ्यांमध्ये दाबून धरले.

"हे लिहून द्याल?" त्यांनी विचारलं.

"संस्थेच्या कागदावर मला आता काही लिहिता येणार नाही. तो हक्क गेला बहुतेक."

"साध्या कागदावर द्या. त्या निवडणुकीत साध्याच कागदावर लिहून आणायचे, आणि चालत होतं की."

वल्लरीने प्रिंटरमधला एक कोरा कागद काढला आणि हाताने लिहिलं: काव्हेन्याकच्या नावापुढील ४७ या आकड्याच्या डावीकडे काहीही लिहिलेले किंवा पुसलेले नाही. तेथे दिसणारा डाग माझ्या हातून लागलेला आहे. खाली तारीख, नाव, सही.

सव्वातीनला लोरेन्त्सबाई परत आल्या. त्या दारातच उभ्या राहिल्या. "मी निकाल मागे घेतला," त्या म्हणाल्या. "कारणही सांगितलं. मुदतवाढ नाही. त्यांनी मत घ्यायचेही कष्ट घेतले नाहीत." वल्लरीने मान हलवली. ठाऊकच होतं.

बाईंची नजर म्हाताऱ्याच्या हातातल्या कागदावर गेली. त्यांनी तो घेतला, वाचला, कॅमेऱ्यापाशी जाऊन पडद्यावरचे तंतू स्वतःच्या डोळ्यांनी नीट पाहिले. चांगली पाच मिनिटं पाहिले. मग वल्लरीच्या खिशातून डोकावणारी लेखणी ओढून काढली आणि तिच्या सहीखाली आपली सही केली. "लेखणी होती तर तुमच्याकडे," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

हेर वेन्डलिंगनी तक्ता पेटीत ठेवला, त्यावर वल्लरीचा कागद ठेवला. जाताना त्यांनी दोन्ही हातांनी तिचा उजवा हात धरला. डोळे भरून वाहायला लागले होते आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. तीनशे बारा, सत्तेचाळीस, एवढंच ते म्हणाले.

चार वाजता वल्लरीने अप्पांना फोन लावला. तिकडे साडेसात झाले होते, पण लेथ चालू होता. तिने सुरुवात केली तसा त्यांनी तो बंद केला. तिने सगळं सांगितलं, एका दमात, अगदी अंगठ्यापर्यंत. पूजा करायला आपणच लावलं, हे त्यांच्या मनात येत असणार, आणि ते येऊ नये म्हणून ती आणखी भराभर बोलत होती.

"आता जानेवारीत येते परत," ती शेवटी म्हणाली. "दुसरं काही मिळालं नाही तर."

तिकडे स्टूल ओढल्याचा आवाज आला.

"टिश्यूने पुसलीस?" अप्पा म्हणाले.

"हो. दोनदा."

"अगं वेडे, हळद कोरड्या कागदाने जाते होय? तेलाचा बोळा लागतो तिला. एवढी शिकलीस आणि..." ते खाकरले. "त्या मास्तरावरचा आळ गेला ना पण?"

"गेला."

"मग मशीनने काम केलं तुझ्या. ये तू. नाहीतर राहा तिथेच, बघ दुसरं. पण आधी ते मशीन नीट पुसून ठेव. दुसऱ्या कोणाच्या हाताला लागायला नको."

वल्लरीने तळघरातल्या कार्यशाळेतून तेल मागून आणलं आणि कापसाचा बोळा करून मुठीची एकेक खाच पुसली. मधेच दिवा घालवायची, बॅटरी धरून बघायची, परत पुसायची. पाच वाजता मूठ काळीकुट्ट झाली, काही म्हणजे काही चमकेना. अंगठ्यावरची हळद मात्र नंतर दोन दिवस राहिली.